काचवालीनं पहारा सोडला

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती एकवीस वर्षं काचा घासत होती. पुढे दुकानदारकाका गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवायचे, तुमच्या चेहऱ्याला हीच शोभते म्हणून प्रत्येकाला सांगायचे. मागे ही. गोल काच यंत्रात अडकवायची, फ्रेमच्या मापानं तिची कड घासायची आणि फ्रेममध्ये अंगठ्यानं दाबून बसवायची. नीट बसली की नाही हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. दुकानात तिला सगळे ‘बाई’ म्हणत. घरी धाकटा भाऊ ‘ताई’ म्हणायचा. आणि इंटरनेटवर चाळीस हजार माणसं तिला ‘काचवाली’ म्हणून ओळखत होती. त्यांतल्या एकानंही तिचा चेहरा पाहिलेला नव्हता.

ही चाळीस हजार माणसं एका गटात होती. आकडी येणाऱ्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट. एका बड्या कंपनीच्या साईटवर असे हजारो गट होते, कुणाचा बागकामाचा, कुणाचा जुन्या सायकलींचा. साईट कंपनीची, पण गट सांभाळायचे ते हौशी लोक, बिनपगारी. या गटाला तिघं सांभाळत. एक मास्तर, निवृत्त, गणित आणि संगणक शिकवून झालेले. एक सिस्टर, इस्पितळातल्या वॉर्डात नोकरी करणाऱ्या. आणि तिसरी काचवाली. तिघं तीन गावांत राहत. आठ वर्षं रोज बोलत होते, पण भेट अशी एकदाही नाही.

ती या भानगडीत पडली ती भावामुळे. तो अकरा वर्षांचा असताना त्याला पहिली आकडी आली, घरातच, दुपारचा अभ्यास करताना. आई कामावर गेलेली. ही पंधरा वर्षांची. शेजारच्या बाई धावत आल्या आणि ओरडल्या, “दातांत चमचा घाल, नाहीतर जीभ तुटेल!” तिनं घातला. सगळा जोर लावून घातला. जीभ तुटणार नव्हतीच, पण पुढचा दात अर्धा तुटला आणि तुकडा घशात जाता जाता राहिला. डॉक्टर नंतर म्हणाले, तोंडात काहीही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं, बस्स. भाऊ आता अडतीस वर्षांचा झाला होता. तो दात त्यानं कधीच बसवून घेतला नाही. हसला की दिसायचा. तो मोकळेपणानं हसायचा, ती मात्र दर वेळी मान फिरवायची.

म्हणून गटात कुणी “चमचा घाला” असं लिहिलं की मिनिटाच्या आत ते काढून टाकायला ती टपलेली असायची. औषध सोडा आणि आमची भुकटी घ्या असं सांगणारे विक्रेते यायचे, त्यांना ती हाकलायची. पण खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. आकडी येणाऱ्यांतल्या काहींना झपाझप उघडझाप करणारा उजेड सोसत नाही. बघितला की आकडी येते. आणि जगात अशी माणसं आहेत, जी हे कळल्यावर मुद्दाम तसली चित्रं बनवून आणून टाकतात. लाल-पांढरी, लाल-पांढरी, डोळे मिटायच्या आत मेंदूत घुसणारी. गटात त्यांना ‘भगभगी’ म्हणत. कोण टाकायचं, का टाकायचं, कधी कळलं नाही. गंमत म्हणून टाकत असावेत. त्या ‘गंमत’ शब्दाचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

मास्तरांनी यावर तोड काढली होती. त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, त्याला ते ‘चाळणी’ म्हणत. कुणीही हलतं चित्र टाकलं की चाळणी ते अडवून धरायची. तिघांपैकी एकानं बघून होकार दिला तरच ते पुढे जायचं. काचवालीला स्वतःला असा काही त्रास नव्हता, त्यामुळे बघायचं काम बहुतेक तिच्याकडे यायचं. यंत्राच्या पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवलेला असायचा. एक काच, एक चित्र. पाच वर्षांत एकच भगभगी निसटली होती. त्या वेळी एक बाई चुलीपुढे कोसळली आणि तिचा हात भाजला.

मग एका सोमवारी कंपनीनं जाहीर केलं, की महिनाअखेरीपासून बाहेरच्या लोकांनी लिहिलेले प्रोग्राम साईटवर चालणार नाहीत. आमची स्वतःची साधनं लवकरच येतील, असंही म्हटलं होतं. ‘लवकरच’ म्हणजे कधी, ते नव्हतं.

मास्तरांनी चार पत्रं लिहिली. चाळणी म्हणजे काय, ती नसली तर काय होईल, सगळं लहान मुलाला समजावं असं लिहिलं. चारही पत्रांना एकच उत्तर आलं, शब्दन्शब्द तेच: तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. दरम्यान बाकीच्या गटांतही धुसफूस सुरू झाली होती. हजारो गटांनी ठरवलं, आपण काम थांबवायचं. गटाला कुलूप घालायचं आणि बाजूला व्हायचं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी तिघं फोनवर बोलायला बसले.

“दार लावून घ्यायचं,” मास्तर म्हणाले. “चाळणी नाही तर गट नाही. उघड्या दारातून कोण येईल त्याची जबाबदारी मी घेणार नाही.”

“आणि एखाद्या आईच्या पोराला आज पहिल्यांदा आकडी आली तर?” सिस्टर म्हणाल्या. “ती येऊन बंद दारावर डोकं आपटेल. मास्तर, माझ्या वॉर्डात रोज असली एक तरी आई असते. कुलूप बघून परत जाणारी मला डोळ्यांसमोर दिसते.”

“प्रथमोपचाराचं पान उघडं ठेवू. वाचता येईल, लिहिता येणार नाही.”

“पान धीर देत नाही, मास्तर.”

एक मत इकडे, एक तिकडे. तिला कळलं की आता सगळं आपल्यावर आलंय. ती म्हणाली, “मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

भाऊ खिडकीशी बसून बूट पुसत होता. तो एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवायचा. गटात तोही होता, गुपचूप वाचणाऱ्यांतला. त्याला चौदा महिने आकडी आली नव्हती, तरी न्हाणीघराच्या दाराला तिनं आतून कडी लावू दिली नव्हती.

“बंद करा,” तो मान वर न करता म्हणाला.

“तुला काय जातं म्हणायला! मागे कुणाला काही झालं तर?”

“मला काय जातं? ताई, भगभगीनं आकडी मला येते, तुला नाही.”

ती ओशाळली. तो बूट खाली ठेवून म्हणाला, “तू आठ वर्षं त्यांचं घर फुकट राखतेयस. काच घासताना राखतेस, जेवताना राखतेस. आणि त्यांनी तुझ्या हातातली काठीच काढून घेतली.”

“मी कंपनीसाठी कुठे करते? तुमच्यासाठी करते.”

“तेच तर त्यांना पक्कं ठाऊक आहे. ही बाई कुठे जात नाही, हिचा जीव अडकलाय. म्हणून तर चार पत्रांना एक उत्तर.”

संध्याकाळी तिनं मास्तरांना एवढंच लिहिलं: लावू दार. सिस्टरनी त्यावर काही लिहिलं नाही, पण सोमवारी सकाळी कुलूप घातलं तेव्हा ‘गट बंद आहे’ या सूचनेखाली तिसरं टोपणनाव त्यांचंच होतं.

पहिले दोन दिवस तिला आपण काहीतरी विसरून आलोय असं वाटत राहिलं. घर उघडं टाकून आल्यासारखं. फोन टाकीला टेकवलेला, पण त्यात काही येत नव्हतं. ती काच घासायची आणि मधेच थांबायची. आत्ता या क्षणी कुठेतरी कुणी तरी चमचा शोधत असेल. कुठल्या तरी शेजारीणबाई ओरडत असतील. ती मनात म्हणायची, प्रथमोपचाराचं पान आहे, पान उघडं आहे. आणि सिस्टरचं वाक्य लगेच कानात वाजायचं.

बुधवारी तिनं एका आजींच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. काकांनी पॉवर तपासताना ते पकडलं. चष्मा हातात घेऊन ते मागच्या खोलीत आले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

“बाई, बरं नाही का?”

“जरा डोकं ठिकाणावर नाही.”

“आजी जिन्यावरून पडल्या असत्या,” काका म्हणाले. रागावले नाहीत. बराच वेळ तिला यंत्राचं बटण दाबवेना.

गुरुवारी कंपनीचं पत्र आलं. अतिशय गोड पत्र. आपल्या सेवेबद्दल आभारी आहोत. गट सदस्यांचा आहे, तो दोन दिवसांत खुला न केल्यास आपल्याला या जबाबदारीतून मोकळं करून दुसऱ्या इच्छुकांना नेमण्यात येईल. तिनं ते चारदा वाचलं. धमकावणीचा एक शब्द नव्हता, तरी ती धमकीच होती. आजवर तिला वाटत होतं की दार आपण लावलंय. किल्ली त्यांच्याकडेच होती.

“उघडू या का?” तिनं मास्तरांना फोन करून विचारलं. “आपण आत असलो तर निदान बघता तरी येईल.”

“चाळणीशिवाय? चाळीस हजार माणसं आणि तुमचे दोन डोळे?”

“कुणी परका बसवला तर?”

मास्तर म्हणाले, “बाई, मलाही भीती वाटते. रोज वाटते. पण आता उघडलं ना, तर पुढच्या वेळी पत्रसुद्धा पाठवणार नाहीत.”

शनिवारी सकाळी तिघांची नावं निघाली. गट उघडला. वर एकच नवं नाव आलं, कुणी एक हौशी माणूस. तो म्हणे आणखी वीस गट बघायचा. त्यात सायकलींचाही एक होता. त्यानं लिहिलं, ‘सर्वांचं पुन्हा स्वागत!’ आणि पुढे हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याचीच तिला धास्ती वाटली. भाऊ केव्हाच कामावर गेला होता. शनिवारी बाइंडिंगचं काम जास्त असायचं.

दुपारी तीन वाजून गेले होते. ती एक जाड काच घासत होती आणि एक डोळा फोनवर होता. पडदा अचानक लाल झाला. पांढरा झाला. लाल. पांढरा.

तिच्या हातातली काच निसटून पाण्यात पडली. बोट सवयीनं ‘काढून टाका’च्या जागी गेलं, पण ते बटण आता तिथं नव्हतं. तिनं तक्रारीचं बटण दाबलं. उत्तर आलं: धन्यवाद, आम्ही एका दिवसाच्या आत पाहू. चित्राखाली, किती जणांनी पाहिलं तो आकडा तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता.

तिनं भावाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा. मग अंगावरचा रबरी एप्रन न काढताच ती पुढच्या दुकानात आली. काका गिऱ्हाइकाशी बोलत होते. तिचं तोंड बघून म्हणाले, “जा.”

कारखाना तिथून वीस मिनिटांवर. ती धावली. बसथांब्यावर लोक फोनमध्ये डोकं घालून उभे होते. त्या प्रत्येकाच्या हातात तेच लाल चित्र आहे असं तिला वाटलं. एका वळणावर एप्रन पायात आला आणि ती गुडघ्यावर पडली. उठली. कारखान्यात कापणीचं यंत्र आहे, लांब पात्याचं, आणि तो त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, हे ती पंधरा वर्षं जाणून होती. आज तेवढंच डोक्यात होतं. पातं आणि टेबल. टेबल आणि पातं.

तो टेबलाशी उभा होता. कोपरापर्यंत हात डिंकानं भरलेले, शेजारी शिवलेल्या वह्यांची चळत. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं? पडलीस?”

“फोन का उचलत नाहीस?” ती ओरडली. सगळा कारखाना बघायला लागला.

“डिंकाच्या हातानं? खणात आहे तो. सकाळपासून काढलेला नाही.” मग त्याला कळलं. “आलं का?”

तिनं होकाराची मान हलवली. त्यानं कोपरानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली आणि घळाघळा रडली, लाज न धरता. भाऊ सुखरूप होता. पण त्या वाढत्या आकड्यात बाकीचे होते.

“आता काय करता येतं?” त्यानं विचारलं.

“काहीच नाही. मी आता कुणीच नाही तिथं.”

“बघ तरी.”

तो पाठ करून उभा राहिला आणि तिनं फोन उघडला. सिस्टर तिच्या आधी पोचल्या होत्या. त्यांनी साध्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘खाली भगभगी आहे. ज्यांना त्रास होतो त्यांनी फोन घरच्यांच्या हाती द्या. बाकीच्यांनी काहीही लिहा, लिहीत राहा. ती खाली ढकलू या.’ नवं लिहिलं की जुनं खाली सरकतं, एवढीच युक्ती. आणि लोक लिहीत होते. आठ वर्षं गुपचूप वाचणारे, ज्यांची नावंही तिनं कधी पाहिली नव्हती, ते लिहीत होते. मी वाटाणे सोलतेय. आमच्या मांजरीला तीन पिल्लं झाली. मी बसमध्ये उभा आहे. बायको झोपली आहे, मी तिच्यासाठी लिहितोय.

“लिही,” भाऊ पाठमोराच म्हणाला. “लिही, मी पुस्तकं शिवतो, आज नकाशांची वही शिवली, समुद्र सगळा उलटा लागलाय.”

तिनं लिहिलं. खाली ढकललेली भगभगी वेगळ्या नावानं पुन्हा वर आली. लोकांनी पुन्हा ढकलली. असं चार वेळा झालं. दोन तासांनी कुठे तो नवा माणूस उगवला आणि त्यानं चित्रं टाकायची सोयच बंद केली. त्यानं लिहिलं, ‘मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, मदत करतोय. माफ करा.’ आणि तो गट सोडून गेला. तिला त्याचा राग येईना. त्यालाही फुकटातच आणून उभं केलं होतं.

त्या दिवशी किती जणांना आकडी आली, पूर्ण कधीच कळलं नाही. ज्यांनी लिहिलं तेवढेच समजले, आणि ते बरेच होते. एक बाई जिन्यावर कोसळली आणि तिचं गळपट्टीचं हाड मोडलं. जीव कुणाचा गेला नाही, निदान तसं कुणी लिहिलं नाही. ‘निदान’ या शब्दाशी ती पुढे कितीतरी दिवस अडखळत राहिली.

सोमवारी तिला एका आईचा खाजगी निरोप आला. ‘माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्यानं माझा फोन हातात घेतला होता. तुम्ही दार सोडून गेलात म्हणून हे झालं. आम्ही तुमच्या भरवशावर होतो.’

भाऊ म्हणाला, “सांग तिला, कंपनीनं केलं.” मास्तर म्हणाले, उत्तर देऊ नका. तिनं दोन दिवस काहीच लिहिलं नाही. कंपनीनं केलं हे खरं होतं. आणि शनिवारी दुपारी आपण तिथं नव्हतो हेही खरंच होतं. तिसऱ्या दिवशी तिनं लिहिलं: ‘हो, मी तिथं नव्हते. मी जायचं ठरवलं तेव्हाही भीत होते आणि आता तर फारच भिते. तुमचा मुलगा कसा आहे?’ उत्तर आलं नाही.

आणखी दोन आठवड्यांनी कंपनीनं जाहीर केलं, की आरोग्याच्या गटांना बाहेरचे प्रोग्राम वापरता येतील. घडल्या प्रकाराबद्दल अवाक्षर नाही. तिघांना परत बोलावणं आलं. सिस्टर त्याच दिवशी गेल्या. मास्तर गेले नाहीत. “चाळणी चालू ठेवतो, बिघडली तर हाक मारा,” म्हणाले, “पण त्यांच्या दारात पुन्हा उभा राहणार नाही.” ती आठवडाभर घोटाळली. शेवटी गेली, पण आधीसारखी नाही. त्या दुपारी लिहिणाऱ्यांतून दहा जण निवडले आणि त्यांच्यात पहारा वाटून टाकला. तिच्या वाट्याला दुपारचे दोन तास. बाकीच्या वेळी फोन पिशवीत. तरीही घासताना तिची मान मधूनच टाकीकडे वळायची, आणि तिथं नुसतं पाणी असायचं.

पहिल्या दिवशी चाळणीनं अडवलेलं पहिलं चित्र उघडताना तिनं एक डोळा हातानं झाकून घेतला होता. कुणाच्या तरी नातवाच्या पहिल्या पावलाचं होतं. तरी होकार द्यायच्या आधी तिनं ते दोनदा बघितलं.

त्या आईचा निरोप महिन्यानं आला. मागचा काही उल्लेख नाही, ना मायना. ‘डॉक्टर म्हणतात, पोहायला पाठवायला हरकत नाही. माझी छाती होत नाही. तुम्ही काय कराल?’

तिनं यंत्र बंद केलं, हात पुसले आणि लिहायला घेतलं. शिकवणाऱ्याला आधी सगळं सांगा. पाण्यात एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, काठावर उभं राहून चालणार नाही. मुलाला भडक रंगाची टोपी घाला. दमलेला असेल, झोप झाली नसेल, त्या दिवशी पाठवू नका. एवढं लिहून ती थांबली. मग आणखी एक ओळ लिहिली, ‘भीती जात नाही, तरी मी पाठवेन.’ आणि ती ओळ खोडावी की ठेवावी याचा विचार करत बसली. पुढून काकांनी हाक मारली, कुणी एक आजी चष्मा न्यायला आल्या होत्या. तिनं निरोप तसाच पाठवला आणि उठली.